ओलं व्हार्निश

धक्क्यावरून जाणारा प्रत्येक जण मास्तरांच्या बोटीपाशी थबकायचा. बोट होतीच तशी. लांबट लाकडी अंग, दोन डोलकाठ्या, पितळेच्या गोल खिडक्या आणि पोटात अख्खा संसार. "इथंच राहता? नशीबवान आहात हो मास्तरीणबाई!" लोक म्हणायचे. मास्तरीणबाई हसायच्या आणि आतल्या आत जळफळायच्या.

मास्तर शाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त झाले आणि राहतं घर विकून त्यांनी ही बोट घेतली. बाईंनीच हौसेनं होकार दिला होता, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे! पहिल्यांदा आत शिरल्या तेव्हा त्या अगदी खुळावल्या होत्या. बोट कलली तरी चहा सांडू नये म्हणून झुलणारी शेगडी, कप घसरू नयेत म्हणून फळीला कठडा, झोपेत माणूस खाली येऊ नये म्हणून बिछान्याला आडवी फळी. असं घर कुणी बांधतं का! बाई शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी नवी शिडं स्वतः शिवली. त्या जाड कापडानं हातांची चाळण झाली. उन्हाळ्यात शिडं लावून खाडीपलीकडे धाकट्या बहिणीकडे जायचं, असं ठरलं.

ते अजून ठरलेलंच होतं. शेगडी एकदाही झुलली नव्हती, शिडं बिछान्याखाली घड्या घालून पडली होती, आणि बाई बहिणीकडे बसने जात होत्या, अख्ख्या खाडीला वळसा घालून.

"यंदा नक्की ना हो?" त्या विचारायच्या.

"अगं, एवढा पुढचा कठडा होऊ दे."

पुढचा कठडा होईपर्यंत मागचं दार उतरवलेलं असायचं. घासा, व्हार्निश लावा, वाळू द्या, पुन्हा घासा. त्यात येणारेजाणारे कौतुक करणार, की मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढणार. मेली ती कौतुकं!

शेजारी निवृत्त नर्सबाईंची बोट असायची. फायबरची, पिवळट, टवके उडालेली. मास्तर तिला बादली म्हणायचे. ही बादली दर रविवारी बाहेर पडायची आणि नर्सबाई चिंब भिजून खिदळत परत यायच्या. "जोडीला एक माणूस असतं ना, तर पार पलीकडे गेले असते," असं त्या नेहमी म्हणायच्या.

एका रविवारी बहिणीचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, पण "ताई, बोटीनं कधी येतेस?" हे तिनं विचारलंच नाही. पूर्वी दर खेपेला विचारायची. बाईंना तेच झोंबलं. त्या तरातरा वर आल्या.

"आज निघायचं. वारा चांगला आहे. मी शिडं काढते."

"आज? वेडी आहेस का? छपराला सकाळीच व्हार्निशचा हात मारलाय. ओलं आहे अजून."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. त्या चपलांसकट केबिनच्या छपरावर चढल्या आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. चकचकीत लाकडावर पावलं उमटली. आता मास्तर ओरडतील, कडाक्याचं भांडण होईल. होऊन जाऊ दे एकदाचं!

मास्तर वाकले. एका ठशावरून त्यांनी नख फिरवलं.

"बरं झालं. खालचा थर मला कच्चाच वाटत होता. आता सगळंच खरवडून काढतो."

राग औषधालाही नव्हता. शीळ घालत ते पॉलिश पेपर शोधायला आत गेले.

बाई तशाच उभ्या राहिल्या. या माणसाला कुठे जायचंच नव्हतं. इतकं उघड होतं, आणि आपल्याला ते आत्ता कळावं! मास्तरांपेक्षा त्यांना स्वतःचाच जास्त राग आला.

"मी बहिणीकडे चालले," त्यांनी आत ओरडून सांगितलं.

"बरं, बरं. बस चुकवू नकोस."

त्या धक्क्यावर उतरल्या. चिकटणाऱ्या चपला काढून तिथेच टाकल्या. शेजारी नर्सबाई बादलीचा दोर सोडत होत्या.

"नर्सबाई, एक माणूस कमी आहे म्हणत होतात ना?"

"चढा!"

पहिल्याच लाटेनं बाई नखशिखांत भिजल्या.

"मागे बघा तरी," नर्सबाई म्हणाल्या. "तुमची बोट काय सुंदर दिसतेय!"

बाईंनी मागे पाहिलं. खरंच सुंदर दिसत होती. डोलकाठ्या उन्हात झळकत होत्या आणि छपरावर मास्तर ओणवे होऊन घासत होते. त्यांनी मान वर केली नाही. बाईंना रडू फुटलं.

"अहो, दोर ओढा!" नर्सबाई ओरडल्या.

बाईंनी ओढला.