घाटंजीचा चिनी काढा

अंगातून वाफा निघतात म्हणून शहाणी बाई महाबळेश्वरला जाईल. मी ऐन एप्रिलमध्ये यवतमाळ जिल्ह्यात गेले.

पन्नाशीनंतर माझी पाळी गेली, आणि जाताना शेगडी पेटती ठेवून गेली. अलिबागच्या शाळेत मी भूगोल शिकवते. मोसमी वारे समजावता समजावता मानेपासून कानांपर्यंत अशी आग चढायची की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे. मुली समजत, बाई नकाशा काढणार. नकाशा काही निघायचा नाही. झोप तर विसरलेच होते. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी नोकरी सोडायची, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

त्यात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन गेलेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. "तुम्हाला हार्मोनच्या गोळ्या देता येणार नाहीत. दुसरं काहीतरी बघू," असं आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते 'बघू' ऐकायला मी थांबलेच नाही.

अशात घाटंजीहून विमलचा फोन आला. एका प्रशिक्षण शिबिरात आम्ही एका खोलीत राहिलो होतो, तेव्हापासूनची मैत्रीण. ती म्हणाली, "इकडे ये. माह्याकडे चिनी औषध हाये. बायका पटापट बऱ्या होऊन राह्यल्या." तिचा मुलगा राहुल चीनमधून डॉक्टर होऊन आला होता, हे मला माहीत होतं. मी तिकीट काढलं.

धामणगावला उतरून यवतमाळची एसटी धरली. दोन्ही बाजूंना उघडी रानं, निष्पर्ण सागवान आणि पऱ्हाट्यांचे (कापूस वेचून उरलेल्या झाडांचे) ढीग. बाभुळगावच्या अलीकडे माझी शेगडी पेटली. तोंड लालबुंद झालं, घामाच्या धारा लागल्या. शेजारच्या आजीबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि ओरडल्या, "अवो, या बाईले ऊन लागलं!"

"ऊन नाही हो आजी, वय लागलंय," मी म्हटलं.

त्यांना ते पटलं नाही. पिशवीतून कांदा काढून त्यांनी गुडघ्यावर फोडला आणि माझ्या टाळूवर घासला. मागच्या माणसानं आपला दुपट्टा भिजवून माझ्या डोक्याला गुंडाळला. कंडक्टरनं गाडी थांबवून मला दाराजवळच्या सीटवर हलवलं. यवतमाळला मी उतरले ती कांद्याचा वास मारत, परक्या माणसाचा दुपट्टा बांधून. तो परत द्यायला वळले तर दुपट्टेवाला म्हणाला, "राहू द्या न ताई. घाटंजी बाकी हाये अजून."

विमलच्या घराच्या पुढच्या खोलीत राहुलचा दवाखाना आहे. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी: 'येथे चिनी औषध मिळत नाही.'

मी मटकन पायरीवर बसले. एवढा प्रवास करून हे! तेवढ्यात विमल बाहेर आली. "अवं, ते 'येथे' लिवलं हाये," ती म्हणाली. "आपलं मांगच्या अंगणात मिळते."

जेवताना राहुलची व्यथा कळली. तो बिचारा चीनमध्ये आपलं नेहमीचं ॲलोपॅथीचंच वैद्यकशास्त्र शिकून आला होता. पण गावानं त्याला 'चिनी डॉक्टर' करून टाकलं. "मावशी, परवा एक जण बैल घेऊन आला," तो म्हणाला. "म्हणे, याच्या पायाले चिनी सुया टोचा." आणि आईकडे बघून म्हणाला, "अन् घरातच हे चालू आहे."

झालं होतं असं की परत येताना त्याच्या तिथल्या घरमालकिणीनं, मुलाच्या आईला रात्री गरम होतं हे ऐकून, बायकांच्या औषधी मुळ्यांची पिशवी त्याच्या सामानात कोंबली. त्यातल्या मुख्य मुळीचं नाव दांगग्वेई. विमलनं त्याचं दांडगाई केलं. राहुल फेकायला निघाला, तर आईनं पिशवी पळवली.

त्या रात्री पातोडीच्या (बेसनाच्या वड्यांच्या) रश्श्यानं माझ्या अंगात जी आग लागली तिचा वयाशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. सकाळीच मागच्या अंगणात बायका जमल्या. कुणी बाजाराला आलेल्या, कुणी शेजारच्या. चुलीवर पातेलं रटरटत होतं आणि त्याच्या उग्र वासानं माझे डोळे चुरचुरत होते. पाटावर बसून कारभार पाहत होत्या कमलायाडी, जवळच्या तांड्यावरच्या (बंजारा वस्तीवरच्या) शेतकरीण. याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई.

"तुले किती खेप येते?" त्यांनी मला थेट विचारलं.

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघींत सांगितलं. त्यांनी मान हलवली. "प्याव. मी तं माघात अंगणात निजो. आता घरात निजतो."

मी नाक दाबून अर्धा पेला घेतला, तेवढ्यात राहुल अंगणात आला. "मावशी, पिऊ नका! तुमची कोणती औषधं चालू आहेत?"

मी रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव सांगितलं. पेला त्यानं हिसकावूनच घेतला.

"ही मुळीही त्याच दिशेनं काम करते. दोन्ही एकत्र म्हणजे रक्त थांबणार नाही. लगेच यवतमाळला जाऊन तपासावं लागेल."

माझे हातपाय गार पडले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच गार पडले होते, पण त्याचा आनंद घ्यायला वेळ नव्हता. राहुल विचारू लागला, हिरड्यांतून रक्त येतं का, अंगावर डाग आहेत का? कमलायाडींनी माझा जबडा उघडून बैलाचे दात पाहावेत तसे पाहिले. बाजाराच्या दिवशी गाडी मिळेना. शेवटी टरबुजांचा टेम्पो मिळाला. ड्रायव्हर माल उतरवायला तयार नव्हता. "मधात बसवा न बाईले," तो म्हणाला. मी टरबुजांच्या मध्ये बसले. मला अलिबाग आठवलं, घर आठवलं, फळा आठवला. इथं टरबुजांत मरायचं, एवढंच मनात येत होतं.

टेम्पो सुरू झाला आणि विमलनं त्याचा फाळका धरला.

"राहुल, थांबव. त्या काढ्यात दांडगाई नाई."

"म्हणजे?"

"दिवाळीतच संपली ते."

"मग काय उकळतेस तू?"

विमलनं बायकांकडे पाहिलं. सगळ्या दारात उभ्या होत्या. तिनं पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जिरं, धने, बडीशेप. चहापत्ती. अन् चिनी वास यावा म्हणून हिंग."

मी एका टरबुजाला घट्ट मिठी मारून बसले होते.

"मंग मले गुण कायचा आला?" कमलायाडींनी विचारलं.

राहुल कपाळाला हात लावून म्हणाला, "या वाफा काही जणींच्या आपोआप कमी होतात. अन् औषध घेतलं असं वाटलं, तरी काही दिवस बरं वाटते."

कमलायाडींनी विचार केला. "मंग ते वाटणं चालू ठेव, विमलबाई. हिंग कमी टाक."

हसू फुटलं. मीही हसत टेम्पोतून उतरत होते, तेव्हा मागे उभी असलेली रेखा नावाची बाई पुढं आली. खाली मान घालून राहुलला म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही रक्ताचं विचारत होते न. माही पाळी कवाचीच बंद झाली. पण दोन महिन्यांपासून मले पुन्हा अंगावर जाऊन राह्यलं. मले वाटलं, काढ्यानं तरुणपण आलं."

या वेळी कुणी हसलं नाही. राहुलनं तिला दवाखान्यात नेलं आणि थोड्या वेळानं त्याच टेम्पोत बसवलं. विमल तिच्याबरोबर गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून गर्भाशयात वाढलेला कोंब (पॉलिप) काढला; तपासणीत तो साधाच निघाला, कर्करोग नव्हता. हे मला नंतर फोनवर कळलं.

संध्याकाळी राहुल माझ्याशी शांतपणे बोलला. हार्मोन नसलेल्याही गोळ्या असतात. तुम्हाला कोणती चालेल ते तुमच्या डॉक्टरच ठरवतील. "पण त्यांच्यासमोर बसावं तर लागेल न, मावशी." मी निमूटपणे हो म्हटलं. अलिबागला परतल्यावर मी गेलेही. वाफा अजून येतात, पण पूर्वीइतक्या नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गात होते. गरम झालं की मुलींना सांगते, "खिडक्या उघडा गं, बाईंचा उन्हाळा सुरू झालाय," आणि पुढचा धडा घेते.

परतीच्या गाडीत समोर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. ती सारखी पदरानं वारा घेत होती आणि खिडकीकडे तोंड वळवत होती. मी विचारलं, "कधीपासून?" ती दचकली. मग जी बोलायला लागली ती कल्याण येईपर्यंत. मी तिला सगळं नीट सांगितलं: डॉक्टरांना भेटा, चालू औषधं सांगा, मनानं काही घेऊ नका.

तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि हळूच विचारलं, "ते ठीक आहे हो. पण चिनी काही मिळतं का कुठं?"

मी तिला विमलचा पत्ता दिला. "औषध मिळायचं नाही," मी म्हटलं. "पण मागच्या अंगणात जाऊन बसा."