लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक

हिंगोलीतल्या भल्याभल्यांच्या न्हाण्यांना देविदास मिस्त्रीनं चकचकीत टाइल्स बसवल्या, पण गोरेगावजवळच्या तांड्यावर त्याच्या स्वतःच्या न्हाणीत शेवाळलेला दगडच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मुलगा सेवाची बायको निता घसरून पडता पडता वाचली, तेव्हा कुठं गडी जागा झाला. चार दिवस बाहेरचं काम बंद ठेवून त्यानं घरची फरशी उखडली.

हाताखाली अर्थातच पारुबाई, त्याची बायको. तीस वर्षं ही जोडी अशीच चालली होती. माल कालवणं, घमेलं देणं हे तर कुणीही करतं, पण लेव्हलच्या नळीचं दुसरं टोक तो फक्त पारुबाईच्याच हाती देई. पाणी भरलेली पारदर्शक नळी. अलीकडच्या भिंतीवर देविदास पाणी खुणेला लावणार, पलीकडच्या भिंतीवर ते जिथं थांबेल तिथं पारुबाई पेन्सिलीनं रेघ मारून "बराबर!" म्हणणार. त्या रेघांवरून मापं घ्यायची आणि जाळीकडं ढाळ द्यायचा. एरवी दोघं गोरमाटी, आपली बंजारा बोली, बोलत, पण नळी हातात आली की मराठी. कामाची भाषा तीच.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं नव्या फरशीवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडं गेलंच नाही. उंबरा ओलांडून सरळ घरात निघालं.

देविदास मटकन खाली बसला. पाठ मोडून आली होती, गुडघे सुजले होते, आणि आता सगळं पुन्हा फोडायचं! शिवाय हिंगोलीतल्या दोन घरमालकांनी अशीच तक्रार केली होती, आणि त्यानं टाइल्सला नावं ठेवून त्यांची बोळवण केली होती. तेही त्याला आठवलं.

त्यानं नळी उचलून बायकोसमोर धरली. "सेवाच्या माय, पाणी कुठवर हाय, बोट ठिव."

पारुबाईनं बोट ठेवलं. पाण्यापासून चांगलं चार बोटं वर.

"कवापासून?"

"दोन वरसं झाली आसतील," ती खाली मान घालून म्हणाली. "समदं धुरकट दिसतंय. हाताच्या अंदाजानं रेघ मारून राहिले."

"सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं आस्तं तर तुमी घरी बसवलं आस्तं. तुमच्या हाताखाली दुसरी बाई... मला न्हाई पाहवलं आस्तं."

त्याला राग आला, पण तो तिच्यावर काढायला जीभ उचलेना. भिंत सुतभर बाहेर गेली तरी ओळखणारा माणूस. दोन वर्षं रोज हिच्या हातचं घमेलं घेतलं आणि एकदाही हिच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"उद्या हिंगोलीला दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला. "तुज्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होईस्तोर मी नळीला हात लावणार न्हाई. मंग लोकाच्या फरश्या फोडून नीट करू. दोघं."

पारुबाई चाचपडत त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "निता म्हणती, तुमी आताशा लई थकल्यावानी दिसता. खरं हाय का? मला तर दिसंना."

इतक्या वर्षांत हा शब्द त्यानं कधी तोंडातून काढला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला. "लई थकलो."