मच्छिंद्र मिस्त्रीचा बेस्तरवार

सोनईत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्या घरच्या बाईच्या आधी मला कळायचं, अशी माझी ख्याती. ती खोटी नाही. पण मच्छिंद्र मिस्त्रीच्या बाबतीत माझं नाक सपशेल फसलं आणि एक अख्खा हिवाळा मी चुकीची बातमी गावभर वाटली. मिस्त्री आता नाही, तेव्हा खरं काय ते सांगून टाकतो.

मच्छिंद्र बारा वर्षं नगरला लष्कराच्या वर्कशॉपात हात काळे करून आलेला. गावाबाहेर घोडेगावच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. बायको लंकाबाई पाथर्डीला माहेरी गेली ती आलीच नाही. का, याची चार कारणं गावात फिरत होती. त्यातली दोन मी सोडलेली. तो एका शब्दानं बोलला नाही. दिवसभर शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं उघडायची आणि सांजेला एकट्यापुरत्या दोन भाकरी थापायच्या. भाकरी कधी गोल यायची नाही, तालुक्याच्या नकाशासारखी यायची. हे ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात एका गुरुवारी, आमच्या भाषेत बेस्तरवारी, नेवाशाचे नारायणराव त्याच्याकडे आले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले केमिस्ट. पत्नी दमयंतीबाई वारून वर्ष झालेलं, मुलगी लीना पुण्याला. बंगल्यात ते आणि एक हिरवी, दोन माणसांची विलायती गाडी. कारखान्याचा गोरा मॅनेजर मायदेशी जाताना त्यांना देऊन गेला होता. गाडी साधी नव्हती. त्या मॅनेजरनं शर्यतीसाठी तिच्या इंजिनाला हवा कोंबणारं एक वेगळं यंत्र बसवलं होतं.

"चढाला दम खाते हो, मिस्त्री," नारायणराव म्हणाले. "पूर्वी घाटात ट्रकांना मागं टाकायची. आता बैलगाडीसुद्धा टाकत नाही."

मच्छिंद्रनं बॉनेट उघडलं आणि आतल्या एकेका नळीवरून बोट फिरवलं. मग तिथं गप्पा मारायला टेकलेल्या मला समजावून सांगितलं. "बाकीची इंजिनं आपल्या नाकानं हवा वढत्यात. हिला फुंकणी हाय. चुलीत फुंकलं की जाळ कसा भडकतो, तसं ही हवा कोंबती. पट्ट्यावर फिरती, शीळ घालती. फुंकणी मंदावली की जाळ मंदावला."

त्यानं घाई केली नाही. प्लग काढले, पॉइंट घासले, कार्बोरेटर धुतला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला, डॉक्टर छाती तपासतो तसं. आपलं ऐकून झालं की शेजारी हात करून पेचकस नारायणरावांना द्यायचा. तेही शेजारच्या खोक्यावरून उठून कान लावायचे. दोघं एका इंजिनाचं आळीपाळीनं ऐकत उभे. बोलणं फारसं नाही. मला तर तिथं बसून एकही बातमी मिळायची नाही.

गाडीत समोरच्या फळीवर फुंकणीच्या दाबाचं एक छोटं घड्याळ होतं. काटा सहापर्यंत जायला हवा, तो तीनवरच अडायचा. तिसऱ्या गुरुवारी मच्छिंद्रला कारण सापडलं. पट्टा ढिला, घसरतोय. त्यानं नट आवळला, काटा सहावर गेला, नारायणराव खूश होऊन गेले.

पुढच्या गुरुवारी काटा पुन्हा तीनवर.

मच्छिंद्रनं वायसर बदललं. पुन्हा ढिला. नवा बोल्ट घातला, नटावर दुसरा नट चढवला. पुन्हा ढिला. गावात गंमत सुरू झाली आणि ती सुरू ठेवायची जबाबदारी मी घेतली. "मिस्त्रीचा बेस्तरवार आला का?" असं लोक विचारायला लागले.

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुजली. त्या दिवशी योगायोगानं नारायणराव आलेले. त्यांच्या गाडीलाही हार घातला आणि तेलात कालवलेल्या शेंदराचं एक बोट बॉनेटच्या आतसुद्धा ओढलं. मी म्हटलं, "आता देवावर सोडलंस वाटतं." तो हसला.

ऊस तुटायला लागला तसा भिमाजी आला. दोन ट्रकांचा मालक, त्याच्या ट्रका वर्षभर मिळाल्या तर मच्छिंद्रला ऑइल इंजिनांच्या मागं रानोमाळ फिरावं लागणार नव्हतं.

"मिस्त्री," भिमाजी म्हणाला, "लोक म्हनत्यात तुला एक खेळण्यातली गाडी नीट हुईना. येत्या बेस्तरवारी ती इमामपूरचा घाट चढवून दाव. दोनी ट्रका तुज्या दारात लावतो. न्हाई जमलं तर नगरला नेतो."

त्या गुरुवारी दहा-वीस माणसं जमली. मच्छिंद्रनं पट्टा आवळला, आत बसून इंजिनाचा वेग चढवला, घड्याळाकडे पाहिलं. काटा त्याला एकट्यालाच दिसत होता. नारायणराव नेहमीच्या खोक्यावर बसले होते.

"म्हणजे झालं तुमचं काम," शीळ ऐकून ते म्हणाले. रुमाल काढून त्याची घडी घालू लागले, घातलेली पुन्हा मोडली. "मग आता पुढच्या गुरुवारी यायला नको."

मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं. उतरला, बॉनेटखाली डोकं घालून आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. मग भिमाजीला म्हणाला, "न्हाई गड्या. दोष घावला न्हाई अजून."

"मच्छिंद्रा," मी म्हणालो, "फुंकणी घरी चुलीला लाव, भाकरी तरी धड भाजतील." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी. भिमाजीच्या ट्रका नगरला गेल्या.

माघात माझी नेवाशाला एस.टी. चुकली. नारायणरावांनी गाडीत घेतलं. गाडी अशी पळत होती की मी टोपी दोन्ही हातांनी धरली. सोनईच्या अलीकडं बाभळींपाशी त्यांनी गाडी थांबवली, सीटखालून पाना काढला, बॉनेट उघडलं आणि सवयीच्या हातानं दोन्ही नट ढिले केले. मग पाना पुसून जागेवर ठेवला.

"सारखा ढिला होतो हो," माझ्याकडं न बघता म्हणाले.

पुढं गाडी बैलगाडीच्या चालीनं गेली, तरी गॅरेजपर्यंत मी टोपी धरूनच बसलो.

संध्याकाळी मच्छिंद्रला गाठलं. "तुला ठाऊक होतं?"

"खंडेनवमीपास्नं. नटावर शेंदराची रेघ वढली हुती, पार खालच्या पट्टीपतुर. पुढल्या बेस्तरवारी अर्धी रेघ हिकडं, अर्धी तिकडं. नटाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे वरखडे. इंजिन काय पाना धरत न्हाई."

"मग भिमाजीला सांगायचंस की."

"काय सांगायचं? सायेबाला घरी करमत न्हाई म्हनून?" तव्यावरची भाकरी त्यानं उलटली. "पैल्यांदा पट्टा खराच ढिला झालता. मंग येत्यात, बसत्यात. येऊ द्या की. आन तुमी तोंड मिटून ऱ्हावा."

मी राहिलो. कसा राहिलो ते माझं मला माहीत.

चैत्रात लीना वडलांना पुण्याला न्यायला आली. गाडी नगरला विकायची ठरली होती. नारायणराव स्वतः चालवत निघाले, शेजारी लीना, मागं ट्रंक बांधलेली. मी गॅरेजात होतो. लांबून फुंकणीची शीळ आली, तशी मच्छिंद्रनं हातातलं काम ठेवलं. गाडी थांबली नाही. नारायणरावांनी एकदा हॉर्न दिला, मान वळवली नाही, आणि धूळ उडवत गेले.

मच्छिंद्र शीळ विरेपर्यंत उभा होता. "पट्टा झकास आवळलाय," म्हणाला. "हात चांगला हाय सायेबाचा."

दोन दिवसांनी भिमाजी पारावर सांगत होता, की इमामपूरच्या घाटात त्या हिरव्या गाडीनं त्याच्या ट्रकला उभं असल्यासारखं मागं टाकलं. "नगरच्या मिस्त्रीनं केली आसंल," तो म्हणाला. जीभ दाताखाली धरून मी उठलो.

पुढच्या गुरुवारी गॅरेजात गेलो. मच्छिंद्र कुणाचंसं ऑइल इंजिन चालू करून पेचकस कानाला लावून वाकला होता. मी आल्याचं त्याला कळलं नाही. ऐकून झालं तसा त्यानं पेचकस शेजारी पुढं केला, खोक्याच्या दिशेनं, आणि हात तसाच धरून ठेवला.

मी पाऊल न वाजवता मागं फिरलो.