एकट्यात सांगतो, सर

त्या मुलीनं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. नाव मी घेतलं. हे मी स्वतःशी कबूल करायला बसलो की दर वेळी त्यामागे एक ‘पण’ येऊन उभा राहायचा. पण मुलींची जबाबदारी माझ्यावर होती. पण वेळच तशी होती. पण माझ्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानं तेच केलं असतं. तो ‘पण’ खोडून आज लिहितो आहे.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो. मुलांची आणि मुलींची कबड्डी दोन्ही माझ्याकडे. मैदानावर माझा एक नियम होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. चढाई करणाऱ्याचा स्पर्श झाला, तर पंचानं पाहिलं असो वा नसो, आपण हात वर करायचा आणि बाहेर जायचं. दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी मी हे सांगत असे. बरेचसे मान डोलवून विसरत. एकानं मात्र ते मनावर घेतलं. तो दर्यापूरकडच्या एका खेड्यातला, डाव्या कोपऱ्यात खेळणारा, घोट्याची पकड अशी की समोरचा गडी जागेवरून हलत नसे. तिसऱ्या वर्षाला मी त्याला कॅप्टन केलं. विद्यापीठाच्या संघाच्या शिबिरासाठीही त्याची निवड झाली. तिथलं प्रमाणपत्र हाती पडलं की खेळाडूंच्या जागेवर पोलीस भरतीत उतरायचं, असं त्यानं आणि त्याच्या वडिलांनी ठरवलेलं होतं. वडील एकदा कॉलेजात आले तेव्हा म्हणाले होते, “सर, पोट्टा तुमच्या हवाली हाय.”

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा अकोल्याला होत्या. आमची उतरायची सोय जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका शाळेत केली होती. खालच्या वर्गांत मुलं, वरच्या वर्गांत मुली, आणि मागच्या अंगणात न्हाणीघरं.

दुपारी उपांत्य सामना होता. शेवटच्या मिनिटांत गुण बरोबरीत होते. समोरच्या गड्याचा पाय परत जाताना आमच्या कॅप्टनच्या गुडघ्याला जरासा घासला. पंचांना दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. त्यानं हात वर केला आणि बाहेर गेला. आम्ही त्या एका गुणानं हरलो. सगळ्यांसमोर मी त्याची पाठ थोपटली, याला म्हणतात खेळाडू, असं म्हणालो. आतून मात्र जळत होतो. बसपर्यंत चालत जाताना मनात येत होतं, एवढं हरिश्चंद्र व्हायला कुणी सांगितलं होतं याला? सांगितलं मीच होतं. त्या जळण्याचा संध्याकाळच्या माझ्या न्यायात किती वाटा होता, हे मी पुढे बरेच दिवस स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळी, जेवणाआधी, मुलींच्या संघातली एक मुलगी न्हाणीघरातून धावत आली. वरच्या झरोक्यातून कुणीतरी मोबाइल आत धरला होता. ती ओरडली तेव्हा पळून गेला. तिनं जे सांगितलं ते अगदी नेमकं. “तोंड नाही दिसलं सर. आपल्या कॉलेजचं जॅकेट होतं, एवढंच दिसलं.” तसली जॅकेटं आमच्या प्रत्येक मुलाच्या अंगावर होती.

मी सगळ्या मुलांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं आणि म्हणालो, ज्यानं केलं त्यानं हात वर करावा. मैदानावरचा नियम मी तिथे आणला. कुणाचाच हात वर झाला नाही. पुढच्या ओळीतला एक राखीव खेळाडू हळूच म्हणाला, “सर, कॅप्टन दिसून नाही राहिला.”

तेवढं एक वाक्य मला पुरलं.

कॅप्टन अर्ध्या तासानं फाटकातून आत आला. काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता. रांग बघून चालता चालता थबकला. मी विचारलं, कुठे होतास? म्हणाला, बाहेर गेलो होतो. बाहेर म्हणजे कुठे? त्यानं एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“एकट्यात सांगतो, सर.”

“लपवायचं काही नसेल तर इथंच सांग. सगळ्यांसमोर.”

“मंग नाही सांगत.”

आज वाटतं, तो आवाज गुन्हेगाराचा नव्हता. आपली एखादी खासगी गोष्ट चव्हाट्यावर मांडायला नकार देणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. तेव्हा मला त्यात फक्त मुजोरी ऐकू आली. त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. “म्या नाही केलं सर. पाहून घ्या.” तो मी हातातही घेतला नाही. काढून टाकलं असशील, असं म्हणालो. आणि गुन्हेगार सापडलाच आहे असं धरून चाललो म्हणून बाकीच्यांपैकी एकाचाही मोबाइल पाहिला नाही. ज्या मोबाइलमध्ये ते चित्रण होतं, तो माझ्यापासून दोन हातांवर, एकाच्या खिशात होता.

मग मी ते केलं जे आमच्याकडे अशा वेळी सगळेच करतात. प्रकरण मिटवायला निघालो. आम्हा शिक्षकांना वाटतं की माफी ही एक चादर आहे, पसरली की खालचं सगळं झाकलं जातं. मी त्याला बाजूला घेतलं. जे मघाशी करायला हवं होतं ते आता केलं, पण ऐकायला नव्हे, सांगायला. म्हणालो, पोलीस आले तर सगळ्या संघाची वाट लागेल, तुझी भरती जाईल, या पोट्ट्यांच्या भरत्या जातील, तू कॅप्टन आहेस, माफी माग आणि विषय संपव. तो वळला. मग व्हरांड्यात त्या मुलीसमोर जाऊन उभा राहिला.

“टीमचा कॅप्टन म्हणून माफी मागतो ताई. पण म्या नाही केलं.”

मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, हा होता असं मी म्हटलंच नाही.” मी तिला म्हणालो, तू घाबरू नकोस, मी आहे ना.

अमरावतीला परतल्यावर मी प्राचार्यांना सांगितलं, त्यानं माफी मागितली. पहिलं वाक्य सांगितलं, दुसरं गिळलं. कॉलेजच्या तक्रार समितीच्या प्रमुख एक मॅडम होत्या, वकिली सोडून शिकवायला आलेल्या. त्यांनी मला तीन-चार साधे प्रश्न विचारले. मुलीनं नाव घेतलं का? इतरांचे मोबाइल तपासले का? तो कुठे होता, हे त्याला शांतपणे कुणी विचारलं का? मला राग आला. मी म्हणालो, “मॅडम, त्यानं माफी मागितली. आता अजून काय पाहिजे?” त्या म्हणाल्या, “सर, तो दोषी आहे हे आपल्याला दाखवावं लागतं. आपण नाही हे त्याला दाखवावं लागत नाही.” घरी येऊन मी बायकोला म्हणालो, या वकील लोकांना मुलींचं काही पडलेलं नसतं.

समितीचं काम सुरू होण्याआधीच विद्यापीठाच्या शिबिरातून त्याचं नाव मी काढून घेतलं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरूनही काढलं. मैदानावर दिसू नकोस, असा निरोप पाठवला. त्याच्याच गावचा एक मुलगा आमच्या संघात होता, त्यामुळे गावाला कळायला आठवडाही लागला नाही. पुढे समितीनं पुरावा नसल्याचं लिहून प्रकरण बंद केलं. पण तोपर्यंत शिबिर संपलं होतं आणि त्यानं कॉलेज सोडलं होतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी विषय काढला तेव्हा मी चहा ढवळत म्हणालो, पुरावा नाही म्हणजे केलंच नाही असं थोडंच असतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

त्या मुलीचंही नीट झालं नाही. एका चांगल्या पोट्ट्याचं आयुष्य हिनं खराब केलं, असं मुलं तिच्या पाठीमागे बोलायची. तिनं खेळणं सोडलं. जिनं एकच खरी गोष्ट सांगितली, तिला खोटं ठरवण्याची सोय मी करून ठेवली होती, आणि ज्यानं ते केलं तो माझ्याच संघात दुसऱ्या वर्षी राखीव खेळाडूंतून पहिल्या सातांत आला. मीच आणला त्याला.

तो त्याच हंगामात पकडला गेला. दुसऱ्या एका गावी, त्याच पद्धतीनं, फक्त या वेळी मुलींनीच त्याला धरला. मोबाइलमध्ये जुनं चित्रण निघालं. त्यात अकोल्याच्या त्या शाळेचा झरोकाही होता. हा तोच, पुढच्या ओळीत उभा राहून कॅप्टन दिसत नाही असं मला सुचवणारा. समितीच्या मॅडमनी मला बोलावून हे सांगितलं, आणि फाइल मिटून माझ्यापुढे सरकवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

मी मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी तेव्हाच सांगितलं होतं सर.” फोन ठेवला.

कॅप्टन अमरावतीजवळ नांदगाव पेठेत कापडाच्या एका कारखान्यात लागल्याचं कळलं. पाळी सुटायच्या वेळी मी फाटकासमोरच्या चहाच्या कॅन्टीनवर जाऊन बसलो. तो आला. केसांवर, भुवयांवर कापसाचा बारीक भुगा. वाकून नमस्कार करायला लागला तर मीच मागे सरलो. ज्यानं केलं तो सापडला, हे त्याला आधीच कळलं होतं. मी माफीचं बोलायला सुरुवात केली आणि मधेच, का कुणास ठाऊक, माझ्या तोंडून निघून गेलं, “पण त्या दिवशी तू होतास कुठे?”

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. हसला, पण ते हसू बघवलं नाही.

“अजून पाह्यजेच का सर तुमाले ते?”

माझी मान खाली गेली. खरा गुन्हेगार सापडला होता, चित्रण सापडलं होतं, तरी मला या पोराकडून हिशेब हवाच होता. त्या दिवशी तो कुठे होता हे मला आजही माहीत नाही. कुणा आजारी माणसाकडे गेला असेल, कुणा मुलीला भेटायला गेला असेल, किंवा हरल्याचं दुःख घेऊन मोर्णेच्या पुलावर नुसता उभा राहिला असेल. तेव्हा एकट्यात सांगणार होता. आता त्याच्यावर ते सांगायची सक्ती करणारा मी कोण?

मी पुन्हा माफी मागू लागलो. त्यानं हातानंच थांबवलं.

“माह्यापाशी बोलून काय फायदा सर? म्या नाही केलं हे मले त पह्यल्यापासून मालूम होतं. ज्यायले मालूम नाही त्यायले सांगा. बाबा चौकात बसत नाहीत आता.”

विद्यापीठाकडून खेळायचं त्याचं वय अजून उलटलं नसेल, पुन्हा प्रवेश घे, मी बघतो, असं मी म्हणालो. तो म्हणाला, पाळीभर उभं राहून गुडघा आता पहिल्यासारखा वळत नाही. मग पाळीतल्या कुणीतरी हाक मारली आणि तो त्याच्या मागे गाडीवर बसून निघून गेला.

पुढच्या रविवारी मी दर्यापूरला उतरलो आणि जीपनं त्याच्या गावी गेलो. आधी घरी. वडिलांनी दारात ओळखलं, या म्हणाले नाहीत, पण आडवेही आले नाहीत. मी म्हणालो, चौकात चला माझ्याबरोबर. खांद्यावर दुपट्टा टाकून ते निघाले, माझ्याहून चार पावलं मागून.

चौकातल्या पानठेल्यापाशी सकाळची माणसं होती. आमच्या संघात असलेल्या त्या गावच्या मुलाचे काकाही होते. कॅप्टन पलीकडे गाडीला टेकून उभा होता. मी येणार हे त्याला कळवलं होतं, तो येईल असं वाटलं नव्हतं. मी कोण ते सांगितलं आणि अकोल्याला काय घडलं तेही, न गाळता. मुलीनं नाव घेतलं नव्हतं हे सांगितलं. ज्यानं केलं तो दुसरा होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, हेही.

सगळं ऐकून एक म्हातारा तंबाखू मळता मळता म्हणाला, “मंग हा होता कुठी, मास्तर?”

सगळ्यांच्या नजरा पलीकडे वळल्या. व्हरांड्यातल्या रांगेनंही त्याच्याकडे असंच पाहिलं होतं.

“ते मलाही माहीत नाही,” मी म्हणालो. “मी विचारणारही नाही. त्यानं केलं नाही, एवढं पुरे आहे. तेव्हाही पुरे होतं.”

मग मी त्याच्याकडे वळलो. शिकवायच्या सवयीनं आवाज मोठा आहे माझा. तो सगळ्यांना ऐकू जाईल एवढा लावला.

“तू खरं बोलत होतास आणि मी तुला खोटं ठरवलं. जी माफी तुझी नव्हती ती मी तुला मागायला लावली, आणि अर्धीच पुढे सांगितली. तुझं खेळणं मी बंद केलं, तुझ्या वडिलांची बैठक मी मोडली. चूक माझी. तू मागितलीस तशी कॅप्टन म्हणून नाही, सर म्हणून नाही, ज्यानं केली तो म्हणून तुझी माफी मागतो.”