व्याह्यांना दिलेली खाट

कोल्हापुरातल्या एका खासगी दवाखान्यात सरकारी योजनेच्या टेबलावर मी बसते. पेशंटचे कागद वर पाठवायचे, मंजुरी आणायची आणि ती अडकली की सगळ्यांच्या शिव्या खायच्या. तोंडानं मी फटकळ. त्याशिवाय ह्या टेबलावर टिकतंय कोण?

आजऱ्याकडचे एक आजोबा दाखल झाले होते. हृदयाची झडप खराब, दारापर्यंत गेले तरी धाप लागायची. ऑपरेशन योजनेतनं व्हायचं होतं, पण आधी योजनेचे डॉक्टर कधीही अचानक येऊन पेशंट बघणार. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. धडधाकट माणसं खाटेवर झोपवून सरकारचा पैसा लाटणारे लोक त्यांनी पकडले होते, आणि तो पैसा शेवटी आजोबांसारख्यांच्याच तोंडचा. म्हणून मी आजोबांना बजावलं होतं, काहीही झालं तरी खाट सोडायची नाही.

डॉक्टर आले, तर खाटेवर आजोबांचे व्याही! टोपी उशाशी, हात डोक्याखाली, खुशाल घोरतायत. सुई नाही, सलाईन नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बोगस पेशंट," आणि वळले. मंजुरी गेली असती तर आजोबांचं काही खरं नव्हतं.

आजोबा खाटेपलीकडं चटईवर, भिंतीला टेकून बसलेले. माझं डोकंच सणकलं. चारचौघांत झाडलं त्यांना, स्वतःच्याच जिवावर उठलाय काय म्हणून.

ते शांतपणे म्हणाले, "पावणं एस्टीत हुबं राहून आल्यात, ताई. लेकीच्या सासऱ्याला भुईवर बसवू व्हय?"

व्याही बिचारे ओशाळून खाली उतरले. मी धावत जाऊन डॉक्टरांना हातापाया पडून परत आणलं. आले, पण चेहरा तसाच. असली नाटकं त्यांनी भरपूर बघितलेली. आजोबांना आम्ही खाटेवर बसवलं, तर डॉक्टर उभे आहेत बघून हा माणूस परत उठला! मी ओरडतेय, पण ऐकतंय कोण. आजोबा डॉक्टरांचा हात धरून त्यांना खाटेकडं ओढायला लागले. "सायब, बसा की." एवढ्यानंच ओठ निळे पडले, पुढचा शब्द निघेना.

डॉक्टरांची बोटं त्यांच्या मनगटावर गेली आणि तिथंच थांबली. मग छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. स्वतःच्या हातानं त्यांना आडवं केलं, पांघरूण घातलं.

"मंजुरी देतोय, आजोबा. पण ही खाट आता कुणाला द्यायची नाही. मलासुद्धा नाही."

आजोबांनी मान हलवली. मला वाटलं, चला, एकदाचं कळलं.

ऑपरेशन चांगलं झालं. वॉर्डात आणल्यावर मी बघायला गेले. मला बघून त्यांनी नळ्या सांभाळत हळूच पाय आखडले आणि खाटेची कड मोकळी करून दिली. रागवायला तोंड उघडलं आणि मला रडूच आलं.