नानांची दिवसाची झोप

संध्याकाळी कुणी भेटलं की आपण "चहा झाला का?" असं विचारतो. नाना विचारायचे, "झोप लागनी का?"

सूर्य कलला की ते ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला पाठ टेकून उभे राहायचे. लांब दांड्याचे ब्रश खांद्यावर टाकून बायका एकेक करून समोरून जायच्या, आणि प्रत्येकीला हाच प्रश्न. "लागनी नाना," असं उत्तर आल्याशिवाय तिला पुढे सोडत नसत. कुणी उगाच हो म्हणते आहे असं वाटलं, तर क्षणभर तिच्या डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, "तू आज टँकरना मांगे चाल. पुढे नको."

हे मी रोज पाहायचो, कारण माझं स्टोअर समोरच होतं. शिंदखेड्याच्या बाजूला, माळरानावर, आमचा सौरऊर्जेचा प्रकल्प आहे. मी तिथला स्टोअरकीपर. एरंडोल तालुक्यातल्या ज्या घरातून मी आलो, तिथे माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. त्यामुळे नेमणुकीचं पत्र हातात पडलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं होतं. माझं काम म्हणजे केबल, नटबोल्ट, ब्रश आणि पाइप यांची देवघेव. पण त्या देवघेवीतच मला माणसं कळत गेली.

पॅनल रात्री धुतात, हे तुम्हाला ठाऊक नसेल. दिवसा काच तापलेली असते, त्यावर पाणी टाकलं तर तडा जायची भीती. शिवाय दिवसा वीज तयार होत असते. म्हणून दिवस मावळला की पाण्याचा टँकर लावलेला ट्रॅक्टर दोन रांगांमधल्या अरुंद वाटेने पुढे सरकतो. पुढे पाइप आणि ब्रश घेऊन बायका, मागे ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवर नाना. हात-दोन हात अंतरावर पाठमोऱ्या बायका चालत असतात, आणि त्यांना मागचं काही दिसत नाही.

या बायका नानांच्याच गावच्या. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी ते गाव आहे. रात्रीच्या कामाला बायका पाठवायच्या म्हटल्यावर गावाने आधी नकारच दिला होता. नाना घरोघर जाऊन म्हणाले, "मी शे ना तठे." मी आहे ना तिथे, या एका वाक्यावर ती टोळी आली होती. महिन्यातून एकदा टेम्पोने घरी जायची आणि नानांच्या सोबतीने परत यायची.

दिवसा झोपायचं कुठे, हा सगळ्यांचाच प्रश्न होता. राहायला पत्र्याचे कंटेनर. पॅनलवर सावली पडू नये म्हणून आवारात एकही झाड ठेवलेलं नाही. वर आभाळ आणि खाली काचांचा समुद्र. खिडकीला पोतं लावलं तरी उजेड फटीतून आत येतोच. बायका लुगड्याचा पदर तोंडावर ओढायच्या आणि घोरायला लागायच्या. नानांना तेवढं जमत नव्हतं.

"तोंड झाकीसन मानूस एकदाच झोपस," ते म्हणायचे. "त्यानी घाई नको."

मी गावाहून येताना डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी आणली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सुपडाबाईला दाखवली. सुपडाबाई म्हणजे टोळीतली सर्वांत बोलकी बाई. ती म्हणाली, "बांधा नाना. घाण्याना बैल दिसशात." पट्टी परत माझ्याकडे आली.

त्यांनी बरेच उपाय केले. सिमेंटच्या रिकाम्या पाइपात शिरून पाहिलं. ट्रॉलीखाली झोपून पाहिलं. एकदा तर इन्व्हर्टरच्या खोलीत जाऊन आडवे झाले. तिथे एसी असतो, आणि पाटी असते धोक्याची. सिक्युरिटीवाल्याने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं तेव्हा ते त्याच्यावर चिडले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "थंडं मस्त शे. पन त्या बारीक बारीक लाइटी डोया मारतस."

मी नानांसाठी स्टोअरचा मागचा कोपरा मागितला. प्रकल्पाचे साहेब म्हणाले, "स्टोअर म्हणजे धर्मशाळा नव्हे." विषय तिथेच संपला.

मग एका सकाळी सुपडाबाई मोडका ब्रश बदलून घ्यायला आली. दांडा मधोमध तुटला होता.

"कसा तुटला?" मी विचारलं. लिहून ठेवावं लागतं.

"मीच बोनटवर मारा."

"कशाला?"

"नाना डोया मिटीसन येत व्हतात मना अंगवर." ती हसत होती. "मी म्हनलं, नाना, मना नवरा अजून जित्ता शे. माले ट्रॅक्टरखाल कसाले लेतस?"

मी हसलो नाही. नवा ब्रश घेताना ती हळूच म्हणाली, "कोनले सांगू नको, भाऊ. मानूस चांगला शे."

पण दुपारी नाना स्वतःच आले. केबलच्या ड्रमवर बसले. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. "दांडा मन्हामुये तुटना," ते म्हणाले. "आज दांडा तुटना."

"नाना, काम सोडून द्या," मी म्हणालो.

"मी सोडं तं या बठ्ठ्या बाया घर जातीन. यास्ना घरना मन्हा शबदवर धाडतस." मग म्हणाले, "माले फक्त अंधार पाहिजे. दिवसना. तू शिकेल शे, काही तरी शोध."

मला तंबू आठवला, कारण आमच्याकडे पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने तसा एक डोंगरावर नेला होता. आतून काळा थर दिलेला असतो आणि भर दुपारीही आत रात्र असते, असं तो सांगायचा. मी मोबाइलवर शोधलं आणि इंग्रजीतलं वर्णन मराठीत करून नानांना ऐकवलं. ते लहान मुलासारखे ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "फोनमा अंधार कसा दिसी? हात लाईसन देखू."

सुट्टीच्या दिवशी आम्ही बसने धुळ्याला गेलो. ताडपत्र्या, रेनकोट आणि दप्तरं विकणाऱ्या एका दुकानात डोंगर चढणाऱ्या पोरांसाठी ठेवलेले तीन तंबू मिळाले. दुकानदाराने ते आतल्या बाजूला उभे करून दिले. नानांनी चपला बाहेर काढल्या, देवळात शिरतात तसे वाकून आत गेले आणि चेन लावून घेतली.

"टॉर्च मार," आतून आवाज आला.

मी मोबाइलचा टॉर्च कापडाला लावला.

"दिसस. चांदनी पडेलनागत दिसस. दुसरा."

दुसरा बाहेरूनही काळाकुट्ट होता. नानांना तोच आवडला होता. दुकानदार म्हणाला, "काका, बाहेरून काळं घेऊ नका, ऊन ओढतं. हा बघा, बाहेरून पांढरा, आतून काळा. हवेच्या जाळ्या खाली आहेत आणि त्यावर झापड आहे. वारा येतो, उजेड येत नाही."

नाना तिसऱ्यात शिरले. चेन लागली. मी टॉर्च लावला आणि वाट पाहिली.

"नाना, दिसतो का?"

उत्तर नाही.

"नाना?"

दुकानदाराने कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. आतून संथ, खोल श्वास येत होता.

मी ओशाळलो. उठवायला हात पुढे केला तर दुकानदारानेच धरला. "किती दिवसांचे जागे आहेत?" त्याने विचारलं. मग गल्ल्याजवळचा रेडिओ बंद केला. रेनकोट घ्यायला आलेल्या एका बाईला तो खुणेने बोलला. जेवायला जाताना शटर अर्धं खाली ओढलं आणि मला म्हणाला, "तुम्ही बसा इथेच."

रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते, आणि मी ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसून एका माणसाची झोप राखत होतो. उन्हं उतरल्यावर चेन सरकली. नाना बाहेर आले. गालावर तंबूच्या तळाच्या कापडाची नक्षी उमटली होती. दुकानदाराकडे पाहून ते इतकंच म्हणाले, "हाऊ बांधी द्या."

स्टोअरच्या मागे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत तंबू लागला. बायकांनी त्याला 'नानाना बंगला' नाव दिलं. हिवाळाभर नाना सकाळी त्यात शिरायचे आणि चार वाजता बाहेर यायचे. चेहऱ्यावर मांस आलं. आता प्रश्न विचारला की सुपडाबाई उलट विचारायची, "तुमले लागनी का, बंगलावाले?" आणि ते मान हलवून हसायचे. ते दिवस मला फार समाधानाचे वाटले. शिकल्याचा काही उपयोग झाला, असं आईला फोनवर सांगितलं होतं मी.

पण आपल्या खान्देशातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. होळी झाली आणि माळ तापायला लागला. टाकीची सावली दुपारी आखडून टाकीखालीच जायची. तंबूत अंधार तसाच होता, पण तो भट्टीतला अंधार होता. नानांनी ओली पोती टाकली, ती तासाभरात वाळायची. चेन उघडली तर उजेड, लावली तर जीव घुसमटतो. ते तरी आत पडून राहायचे. बाहेर आले की सदरा पिळून घ्यावा लागे. मी विचारलं की म्हणायचे, "लागनी थोडी." ज्याने वर्षभर दुसऱ्यांचे डोळे तपासले, त्याचं खोटं मला लगेच कळायचं.

एका संध्याकाळी टँकर भरून तयार होता. बायका ओळीने उभ्या होत्या. नानांनी किल्ली काढली आणि सुपरवायझरच्या हातात ठेवली.

"आज मी बसनार नही. उद्या बी नही."

सुपरवायझर आधी समजावून बोलला, मग आवाज चढवला, मग कंत्राटदाराला फोन लावला. नाना खाली मान घालून उभे होते. त्या सगळ्यापेक्षा त्यांना लागलं ते सुपडाबाईचं बोलणं.

"तुम्ही उतरनात म्हंजे आम्ही बी उतरनूत," ती म्हणाली. "गावमा काय सांगानं?"

"दुसरा ड्रायव्हर येई."

"दुसराना भरोसावर मना सासरा माले धाडी का?" तिचा आवाज फाटला. "मनी पोर धुळाले शिकी ऱ्हायनी. तुमले झोप नही, म्हनीसन तिले घर बसाडू का? मी मडगार्डवर बसस. रातभर बोलस तुमनासंगे. मंग कसा डोया लागी?"

"तू बोलशी, मी ऐकसू," नाना म्हणाले, "आनि ऐकता ऐकताच डोया लागी जाई."

तिची मुलगी धुळ्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. मला माझी आई दिसत होती, कपाशी वेचताना. माझ्यासाठी तिचं काम सुटलं असतं तर मी कुठे असतो, हा विचार मनातून जात नव्हता. सुपडाबाई चुकीचं काही बोलत नव्हती. नानाही चुकीचं काही करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचा एक तरुण ड्रायव्हर आला. बायका बोचकी बांधून बसल्या होत्या. तेव्हा नाना माझ्या स्टोअरमध्ये आले.

"एक ब्रश दे."

"कुणासाठी?"

"माले."

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. चालणाऱ्या माणसाचा डोळा लागला तर तो फार तर पडेल. आणि नाना टोळीत आहेत म्हटल्यावर गावाला दिलेला शब्द राहतो.

त्या संध्याकाळी ते बायकांच्या ओळीत, ब्रश खांद्यावर टाकून उभे राहिले. ड्रायव्हरचा पगार गेला, मान गेला. सिक्युरिटीवाला हसून म्हणाला, "काय नानाबाई?" नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. सुपडाबाईने मात्र पाहिलं, आणि तो पुन्हा तसं बोलला नाही. पण तीही कितीतरी दिवस नानांशी बोलत नव्हती. तंबू नानांनी बायकांना देऊन टाकला. ओले कपडे बदलायला त्यांना आडोसा नव्हता, तो झाला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गावाला सवय झाली, नव्या ड्रायव्हरची ओळख झाली. दिवाळीनंतर टेम्पो आला तेव्हा त्यात सगळ्या बायका होत्या, नाना नव्हते. "आते गरज नही म्हनतस," सुपडाबाईने सांगितलं. मग ब्रश घेता घेता म्हणाली, "जाय एकदा भेटी ये."

मी गेलो. सातपुडा अगदी दारात असलेलं घर. नानांच्या पत्नी ओट्यावर तूर निवडत होत्या. मी नाव सांगितल्यावर त्यांनी पाणी आणलं आणि बोटाने खुणावलं की हळू बोला.

"रातभर जागा ऱ्हातस," त्या म्हणाल्या. "आते डोया लागना. उठाडू का?"

"नको काकू. झोपू द्या."

चहा झाला. निघताना मी दारातून आत पाहिलं. मातीच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. दारातला उजेड खाटेच्या पायथ्यापर्यंतच पोचत होता, त्यामुळे मला फक्त त्यांचे पाय दिसले. डावा पाय सैल पडला होता. उजवा पाय खाटेच्या आडव्या लाकडावर टेकलेला होता, आणि झोपेतच नाना त्या पायाने ते लाकूड ब्रेक दाबावा तसं जोर लावून दाबत होते. टाच उचलायची, पुन्हा दाबायची. जणू पुढे कुणीतरी पाठमोरं चालत होतं.