ट्रॅक्टरखालच्या फांद्या

सकाळी कुपात पोचलो तर ट्रॅक्टरच्या वाटेवर अंथरलेल्या फांद्या गायब. वाट उघडी पडलेली, आणि ड्रायव्हर यादव इंजिन सुरू करून बसलेला.

"बंद कर," मी म्हणालो.

हे ऐंशीच्या दशकातलं. मी बपेऱ्याच्या बाजूला रेंजर होतो. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीला घेतलेला जंगलाचा तुकडा. आमचा कूप उतारावर होता, आणि पायथ्याशी गावाची बोडी, म्हणजे लहान तलाव. खालची धानाची शेती तिच्याच पाण्यावर.

आधी ओंडके हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, जोडीनं ओढून आणत. त्या वर्षी पहिल्यांदा मोठा ट्रॅक्टर आला. कामाला वेग आला, यात वाद नाही. पण माघात अवकाळी पाऊस झाला आणि जमीन ओली राहिली. ओल्या जमिनीवरून एवढं वजन गेलं की मातीतल्या बारीक पोकळ्या दबून बंद होतात. मग पाणी मुरत नाही, चाकोरीतून धावतं आणि माती सोबत नेतं. मी बूड काढलेला तेलाचा डबा जमिनीत ठोकून त्यात पाणी भरलं. झाडाखाली ते बघता बघता मुरलं. चाकोरीत यादवची बिडी ओढून झाली तरी डबा जवळपास भरलेलाच.

हे मी डीएफओ साहेबांना, म्हणजे विभागाच्या प्रमुखांना, सांगितलं.

"लिलावाआधी माल डेपोत पाहिजे. माती वाळायची वाट बघू का मी?"

"नाही सर. ट्रॅक्टर एकाच वाटेनं नेऊ. त्या वाटेवर तोडीच्या फांद्यांचा जाड थर टाकतो. वजन पसरतं, चाक रुतत नाही."

"टाका. काम अडलं तर जबाबदारी तुमची."

आणि आता तोच थर नव्हता. ओढल्याच्या खुणा गावाकडे जात होत्या. त्या धरून गेलो तर गावातल्या सरजाबाईच्या अंगणात माझ्या फांद्या नीट रचलेल्या दिसल्या. तिची बांधी, म्हणजे धानाचं शेत, बोडीला लागूनच होती.

"सरजाबाई, वाटेवरच्या फांद्या काहून आणल्या?"

"मंग? कूप तुटला का फांद्या गावाच्या. माह्या सासूच्या वेळेपासून."

ते खरं होतं. जळणाचा हा हक्क जुना होता.

"आमाले वाटलं, बायांले चढाव लागू नये म्हणून साहेबानं वाटेवर मांडून ठेवल्या. मी त म्हटलं, रेंजर भला मानूस आहे!"

"त्या ट्रॅक्टरखाली टाकल्या होत्या."

"ट्रॅक्टरले गादी? आमच्या खाटेवर नाही साहेब!" शेजारच्या बाया हसल्या.

मी तिला बोडीवर नेलं. फांद्या टाकण्याआधी ट्रॅक्टरनं पाडलेली एक चाकोरी तिथवर आली होती. तिच्या तोंडाशी लाल गाळ पाण्यात शिरला होता. तिनं पाय घातला. घोट्यापर्यंत गेला.

"हे एका सरीचं," मी म्हणालो. "पावसाळा अजून यायचा आहे."

"बोडी बुजली त धानाचा रोवणा कशावर करू?" ती म्हणाली. मग लगेच, "फांद्या वापस देतो. पण चिखलात चेंदलेलं जलतन आमी नाही घेणार."

"वरच्या अंगाच्या सगळ्या फांद्या तुमच्या. आजपासून."

"लय लांब पडते."

"बोडी जवळ आहे ना?"

"बोलता येते तुमाले," ती म्हणाली.

दुपारी बायांनीच थर परत टाकला. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "काम का थांबलं?" मी झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जळणासाठी ट्रॅक्टर उभा राहिला." मी हो म्हणालो.

माल लिलावाआधी डेपोत पोचला. पावसाळ्यात बोडी भरली, गाळ वाढला नाही. सरजाबाईचा रोवणा वेळेवर झाला. फक्त एका वळणावर यादवनं फांद्या सोडून आडवा मार्ग काढला होता. माझी बदली झाली तेव्हाही तिथं पाणी साचत होतं आणि तरोट्याच्या तणाशिवाय काही उगवत नव्हतं.

पुढे प्रत्येक कुपाच्या नकाशावर मी दोन रेघा आधी ओढायचो: ट्रॅक्टर कुठून जाणार, आणि मोळ्या कुठून जाणार. त्या एकमेकींना छेदत असतील तर आधी गावात जायचं, मग ट्रॅक्टर मागवायचा.